पे-स्लिपवरची कपात, नोकरीला बांधलेला विमा आणि पर्ल हार्बर

दुपारची_झोप

दुसऱ्या महायुद्धात अमेरिका कशी उतरली असं विचारलं की उत्तर तयार असतं: ७ डिसेंबर १९४१, रविवारची सकाळ, पर्ल हार्बर. युद्धाने अमेरिका कशी बदलली असं विचारलं की डोक्याला लाल रुमाल बांधून दंड दाखवणाऱ्या बाईचं पोस्टर पुढे येतं. दोन्ही ठीक. पण हे सगळं घडलं कसं, ते त्यातून काही कळत नाही.

माझं म्हणणं असं की अमेरिकन समाज तोफांपेक्षा कागदांनी जास्त बदलला. कुपनं, परवाने, पगारपत्रकं, कर्जाच्या हमी. १९४० साली तिथली बेकारी १४.६ टक्के होती, १९४४ साली १.२ टक्के. मधल्या चार वर्षांत वॉशिंग्टनने लोकांच्या स्वयंपाकघरात, गॅरेजमध्ये आणि पाकिटात हात घातला, आणि लोकांनी तो घालू दिला.

प्रश्न दोन. पर्ल हार्बरच्या आधीच अमेरिका युद्धात किती आत शिरली होती? आणि 'युद्ध संपेपर्यंत' म्हणून केलेली कुठली सोय अजून चालू आहे? 'युद्धाने कुणाचं भलं झालंय' छापाचे प्रतिसाद कृपया वेगळ्या धाग्यावर. इथे काय, किती, कसं आणि कुठे फसलं तेवढं येऊ द्या.

शंकासुर

पॉपकॉर्न घेऊन बसलो आहे. अवांतर नाही हं, विषयाला धरूनच आहे. साखरेवर रेशन आलं, थिएटरात गोळ्या-चॉकलेटं मिळेनात, मका आणि मीठ मात्र मुबलक. सिनेमा आणि पॉपकॉर्नचं लग्न तेव्हा पक्कं झालं.

बोरूबहाद्दर

पहिल्या प्रश्नाचं उत्तर: गळ्यापर्यंत.

१९३५ पासून तटस्थतेचे कायदे होते, लढणाऱ्या देशांना शस्त्रं विकायची नाहीत म्हणून. सप्टेंबर १९३९ मध्ये जर्मनी पोलंडमध्ये घुसला आणि नोव्हेंबरात कायदा वाकवला गेला: रोख पैसे मोजा आणि माल आपल्याच जहाजातून न्या. कागदावर हे सगळ्यांना लागू, पण समुद्र ब्रिटिश आरमाराच्या हातात, त्यामुळे गिऱ्हाईक कोण ते उघड होतं. सप्टेंबर १९४० मध्ये ५० जुन्या विनाशिका ब्रिटनला दिल्या आणि बदल्यात ९९ वर्षांच्या भाडेपट्ट्याने नाविक तळ घेतले. त्याच महिन्यात सक्तीच्या सैन्यभरतीचा कायदा आला, शांततेच्या काळातला पहिलाच. ऑगस्ट १९४१ मध्ये त्याची मुदत वाढवताना प्रतिनिधिगृहात मतं पडली २०३ विरुद्ध २०२. पर्ल हार्बरला चार महिने उरले असताना देश असा मधोमध चिरलेला होता.

मार्च १९४१ मध्ये लेंड-लीज (मित्रदेशांना युद्धसाहित्य उसनं द्यायचा कायदा) आलं आणि 'रोख' हा शब्दही गेला. शरद ऋतूत अमेरिकन युद्धनौका अटलांटिकमध्ये मालवाहू तांड्यांना सोबत करत होत्या. ३१ ऑक्टोबरला 'रूबेन जेम्स' ही विनाशिका जर्मन पाणबुडीने बुडवली, शंभराच्या आसपास खलाशी गेले. तरी युद्ध जाहीर झालं नाही.

ठिणगी पडली ती दुसऱ्या समुद्रात. जपानच्या तेलापैकी सुमारे ८० टक्के अमेरिकेतून जायचं. जुलै १९४१ मध्ये जपानने दक्षिण इंडोचायनात सैन्य उतरवलं आणि २६ जुलैला राष्ट्राध्यक्ष रूझवेल्टने जपानची अमेरिकेतली मालमत्ता गोठवली. तेल पूर्ण तोडायचं त्याच्या मनात नव्हतं. बेत असा होता की जपानने प्रत्येक खेपेला अर्ज करायचा आणि आपण थोडं थोडं सोडायचं. पण निर्यातीचा परवाना मिळाला तरी पैसे चुकवायला गोठवलेले डॉलर मोकळे करून घ्यावे लागत, आणि ते मोकळे करणारी समिती वेगळी. तिथे परराष्ट्र खात्याचा डीन अॅचिसन बसला होता. अर्ज नाकारले गेले नाहीत, नुसते पडून राहिले. रूझवेल्ट ऑगस्टात चर्चिलला भेटायला न्यूफाउंडलंडला गेला. तो परत येऊन स्थिरस्थावर होईपर्यंत तेलाचा थेंब गेलेला नव्हता, आणि आता सोडलं तर माघार दिसली असती.

जपानी आरमाराकडे दीड ते दोन वर्षांचा साठा. म्हणजे लढायचं तर लवकर, नाहीतर लढताच येणार नाही.

कारकून

बोरूबहाद्दर, दंडवत. तेलबंदीचा लेखी हुकूम निघालाच नाही, फाइल 'विचाराधीन' राहिली आणि महायुद्ध पेटलं. आमच्या जमातीची ताकद लोकांना उगाच कमी वाटते.

दुसऱ्या बाजूलाही कागदच अडकला. जपानने वाटाघाटी संपल्याचं चौदा भागांचं पत्र वॉशिंग्टनमधल्या आपल्या वकिलातीला पाठवलं, दुपारी १ वाजता द्यायचं म्हणून. गुप्ततेपायी नेहमीचा टायपिस्ट वापरायचा नाही असा आदेश होता. मग एका वरिष्ठ अधिकाऱ्याला, ज्याला टायपिंग जेमतेम यायचं, ते बडवत बसावं लागलं. पत्र दिलं २:२० ला. तोवर बॉम्ब पडायला लागून तास होऊन गेला होता.

जागता_पहारा

सगळं ठीक, पण रूझवेल्टला हल्ल्याची आधीच कल्पना होती हे का लिहीत नाही कुणी? विमानवाहू नौका नेमक्या त्याच दिवशी बंदराबाहेर कशा?

बोरूबहाद्दर

येणारच होता हा प्रतिसाद. 'एंटरप्राइज' वेक बेटावर लढाऊ विमानं पोचवून परतत होती, 'लेक्झिंग्टन' मिडवेकडे तेच काम घेऊन निघाली होती, 'सॅराटोगा' सॅन डिएगोला होती. मुळात त्या काळी आरमाराचा कणा म्हणजे बॅटलशिप. कट करणाऱ्याने विमानवाहू नौका वाचवून बॅटलशिप आमिषाला ठेवल्या असं म्हणायचं तर त्याला पुढच्या चार वर्षांचा इतिहास आधीच वाचायला मिळाला असला पाहिजे.

रडारचं बघा. ओआहू बेटाच्या उत्तर टोकाला ओपाना इथे फिरतं रडार होतं. पहारा ७ वाजता संपला, पण न्याहारीला न्यायची गाडी आली नव्हती म्हणून दोघा सैनिकांनी सराव म्हणून संच चालू ठेवला. ७:०२ ला १३० मैलांपलीकडे एवढा मोठा ठिपका दिसला की आधी यंत्रच बिघडलं असं वाटलं. फोन केला. पलीकडच्या अधिकाऱ्याला माहीत होतं की कॅलिफोर्नियाहून आपलीच बी-१७ विमानं येणार आहेत, तो म्हणाला काळजी करू नका. ती विमानंही आलीच, ऐन हल्ल्यात. धावपट्ट्यांवर विमानं पंखाला पंख लावून उभी होती, कारण सेनापतीला भीती घातपाताची होती, हवाई हल्ल्याची नाही. कटाला जी शिस्त लागते ती त्या सकाळी तिथे कुणाकडेही नव्हती.

३५३ विमानं, दोन लाटा, २४०३ अमेरिकन ठार, पैकी ११७७ एकट्या 'अॅरिझोना'वर. तेलाच्या टाक्या आणि गोदीला मात्र हात लागला नाही, आणि तीच जपानची महागात पडलेली चूक.

वेलदोडा

रणगाडे झाले असतील तर जरा किराण्याकडे वळू या का?

रेशन म्हटलं की आपल्याला शिधापत्रिका आणि माणशी किलो आठवतात. साखरेला अमेरिकेतही तसंच होतं: मे १९४२ पासून माणशी आठवड्याला अर्धा पौंड, म्हणजे सव्वादोनशे ग्रॅम. पहिली पुस्तिका शाळाशाळांतून शिक्षकांनी वाटली. कॉफीला नोव्हेंबर १९४२ पासून पाच आठवड्यांना एक पौंड. पण डबाबंद भाज्या-फळं आणि मांस यांचे प्रकार शेकडो, त्यांना माणशी किलो लावणार कसे? म्हणून मार्च १९४३ मध्ये पॉइंट आले, आणि ती पद्धत खरी बघण्यासारखी आहे.

निळी तिकिटं डबाबंद मालाला, लाल तिकिटं मांस, लोणी, चीज, तेलतुपाला. पुस्तिकेत प्रत्येक अक्षराची चार तिकिटं, ८, ५, २ आणि १ पॉइंटाची, बेरीज १६. महिन्याला तीन निळी अक्षरं चालू व्हायची, म्हणजे डोई ४८ पॉइंट, तान्ह्या बाळालाही. चौघांच्या घराला १९२. कुठल्या डब्याला किती पॉइंट याचा तक्ता सरकार काढायचं आणि साठा बघून बदलायचं. म्हणजे दुकानात प्रत्येक वस्तूला दोन किमती, एक पैशांत आणि एक पॉइंटांत, आणि दोन्ही आपापल्या वाटेने हलणाऱ्या.

कुठे फसायचं? एक, सुटी तिकिटं चालत नसत, ती दुकानदारासमोरच पुस्तिकेतून फाडायची. नाहीतर शेजारणीशी अदलाबदल झाली असती (झालीच). दोन, सुरुवातीला सुटे मिळायचे नाहीत. ६ पॉइंटाचा डबा आणि हातात फक्त आठाचं तिकीट उरलं तर दोन पॉइंट गेले. म्हणून बायका महिन्याच्या सुरुवातीला मोठी तिकिटं संपवून एक-दोनवाली मागे ठेवायच्या. फेब्रुवारी १९४४ मध्ये सगळी तिकिटं सरसकट १० पॉइंटांची केली आणि सुट्यासाठी दाबलेल्या फायबरच्या लाल-निळ्या चकत्या आणल्या, आपल्या जुन्या पैशाएवढ्या. तीन, दुकानदाराचं काय? तो तिकिटं कागदावर चिकटवून बँकेत भरायचा. हो, बँकेत. पॉइंटांचं खातं असायचं आणि घाऊक व्यापाऱ्याला तो पैशांचा एक आणि पॉइंटांचा एक असे दोन चेक द्यायचा.

लोण्याचे पॉइंट इतके चढे की गिऱ्हाईक मार्गरिनकडे वळलं. पण दूधवाल्यांच्या लॉबीमुळे रंगीत मार्गरिनवर जबर कर. म्हणून ते पांढरंफटक मिळायचं, सोबत पिवळ्या रंगाची पुडी. घरी परातीत घेऊन रंग एकसारखा होईपर्यंत मळायचं. नीट मळलं नाही तर संगमरवरी टाइलसारख्या रेघा.

शंकासुर

>> तान्ह्या बाळालाही ४८ पॉइंट

मग लोकसंख्या का वाढली ते कळलं.

वेलदोडा

हसा. जानेवारी १९४३ मध्ये कापलेल्या पावावर बंदी आली होती. कापलेला पाव लवकर सुकतो म्हणून त्याला जाड मेणकागद लागायचा, तो वाचवायचा होता. शिवाय पिठाचा भाव वाढल्यावर बेकरीचा खर्च कुठूनतरी कमी करायला हवा होता. बायकांनी एवढा गिल्ला केला की ८ मार्चला बंदी मागे. सात आठवडे टिकली.

लोखंडी_कढई

पेट्रोल कुणी काढलं नाही अजून. त्यात एक गंमत आहे: देशभर पेट्रोलचं रेशन आलं ते पेट्रोल कमी होतं म्हणून नाही. पूर्व किनाऱ्यावर होती टंचाई, कारण जर्मन पाणबुड्या टँकर बुडवत होत्या, म्हणून तिथे मे १९४२ मध्येच रेशन आलं. पण १ डिसेंबर १९४२ पासून टेक्सासमध्ये, विहिरीशेजारी राहणाऱ्यालाही कुपन लागू झालं, ते रबरासाठी. गाडी कमी चालली तर टायर कमी झिजणार.

नैसर्गिक रबर मलाया आणि डच ईस्ट इंडीजमधून यायचं, आणि ते १९४२ च्या सुरुवातीला जपानने घेतले. म्हणून रेशनमध्ये पहिला नंबर टायरचा, ५ जानेवारी १९४२ पासून. प्रत्येक गाडीमागे पाच टायर ठेवायचे, जास्तीचे सरकारला विकायचे. टायरचे नंबर नोंदवलेले, ठरावीक काळाने तपासणी. वेगमर्यादा ताशी ३५ मैल. काचेवर स्टिकर: 'ए' म्हणजे साधा गाडीवाला, सुरुवातीला आठवड्याला ४ गॅलन (१५ लिटर), पुढे ३. त्या काळच्या गाडीला गॅलनला १५ मैलांचं ॲव्हरेज धरा, म्हणजे आठवड्याला ६० मैल. 'बी' कामावर जाणाऱ्यांना, 'सी' डॉक्टर वगैरेंना, 'टी' ट्रकला, आणि सुरुवातीला पूर्व किनाऱ्यावर एक 'एक्स' होता, हवं तेवढं पेट्रोल. काँग्रेसच्या बऱ्याच सदस्यांनी तो मुकाट्याने लावून घेतला आणि वर्तमानपत्रांनी त्यांची सालटी काढली.

कृत्रिम रबराची कृती: ७५ भाग ब्यूटाडाइन, २५ भाग स्टायरीन, साबणाच्या पाण्यात इमल्शन करून साधारण ५० अंश सेल्सियसला तासन् तास ढवळायचं, मग चीक फोडून चोथा वेगळा करायचा. १९४१ मध्ये या सर्वसाधारण वापराच्या रबराचं वर्षाचं उत्पादन २३१ टन होतं. १९४५ मध्ये महिन्याला ७० हजार टन. मधे भांडण लागलं की ब्यूटाडाइन पेट्रोलियमपासून करायचं की धान्याच्या अल्कोहोलपासून. शेतकरी लॉबी अल्कोहोलच्या बाजूने, आणि सुरुवातीच्या काळात अल्कोहोलनेच तारलं, कारण ते कारखाने आधी उभे राहिले. दोष एक राहिलाच. हे रबर वाकताना जास्त तापतं. मोटारीला चालून जातं, ट्रकच्या जाड टायरला थोडं नैसर्गिक मिसळावंच लागायचं, नाहीतर भरधाव ट्रकचा टायर आतून भाजून फुटायचा.

तळटीप

कढई, लिबर्टी जहाजांबद्दलही लिहा ना. तो तुमचाच प्रांत.

लोखंडी_कढई

लिहितो थोडक्यात. २७१० मालवाहू जहाजं, एकाच आराखड्याची. रिव्हेट मारायला कसबी माणूस लागतो, वेल्डिंग काही आठवड्यांत शिकवता येतं. म्हणून जहाज तुकड्यातुकड्याने जमिनीवर वेल्ड करायचं आणि क्रेनने उचलून जोडायचं. वेल्डिंगमुळेच बायका हजारोंनी गोदीत आल्या. पोस्टरवरच्या बाईला 'रोझी द रिव्हेटर' म्हणतात, पण गोदीत खरी वेल्डरच. पहिल्या जहाजाला २४४ दिवस लागले. नोव्हेंबर १९४२ मध्ये रिचमंड, कॅलिफोर्नियाच्या कायझर गोदीत 'रॉबर्ट ई. पिअरी' ४ दिवस १५ तास २९ मिनिटांत पाण्यात उतरलं. तो देखावा होता, एरवी सरासरी सहा आठवडे.

फसलं कुठे? जहाजं तडकू लागली. १६ जानेवारी १९४३ ला पोर्टलंडच्या गोदीत 'स्केनेक्टडी' हा नवा टँकर (लिबर्टी नव्हे, पण बांधणी तीच वेल्डची) शांत पाण्यात उभा होता. रात्री मोठा आवाज झाला आणि तो मधोमध जवळजवळ दुभंगला. हवा शून्याच्या खाली गेलेली. सगळ्यांनी वेल्डरना धारेवर धरलं. केंब्रिजच्या कॉन्स्टन्स टिपर यांनी दाखवलं की मूळ दोष पोलादाचा: ठरावीक तापमानाखाली ते काचेसारखं ठिसूळ होतं. लिबर्टीच्या हॅचचे कोपरे काटकोनी होते, ताण तिथे एकवटून भेग सुरू व्हायची. रिव्हेटच्या जहाजात भेग पत्र्याच्या कडेला थांबते, वेल्डच्या जहाजात सगळा पत्रा एकसंध, ती थांबणार कुठे? उपाय म्हणून कोपरे गोल केले आणि डेकवर मुद्दाम रिव्हेटने पट्ट्या जोडल्या.

वेलदोडा

गोदीतल्या बायकांबद्दल एक जोड. पोर्टलंडच्या स्वान आयलंड गोदीत कायझरने प्रवेशद्वारापाशीच पाळणाघर काढलं होतं. तिन्ही पाळ्यांत, चोवीस तास उघडं, आणि मूल न्यायला येताना आईला रात्रीचं तयार जेवणही विकत घेता यायचं. शिवाय लॅनहॅम कायद्याखाली केंद्र सरकारच्या पैशाने देशभर पाळणाघरं चालली. फेब्रुवारी १९४६ मध्ये पैसा बंद, बहुतेक ठिकाणी कुलूप. अमेरिकेत आज पाळणाघराचा खर्च ऐकून डोळे पांढरे होतात तेव्हा हे आठवावं. जी सोय टिकायला हवी होती ती गेली.

कारकून

आता माझा विषय. पे-स्लिप.

१९३९ मध्ये अमेरिकेत आयकर भरणारे साधारण ४० लाख. १९४५ मध्ये ४ कोटींच्या वर. युद्धाआधी आयकर हे श्रीमंतांचं दुखणं होतं. १९४२ च्या कायद्याने सूट खाली आणली आणि कारखान्यातला कामगार जाळ्यात आला. पण कर भरायचा कसा? तोवर पद्धत अशी की यंदा कमवा, पुढच्या वर्षी मार्चपासून चार हप्त्यांत भरा. ज्याने जन्मात कर भरला नाही तो वर्षभर पैसे बाजूला ठेवणार? शक्यच नाही.

मग १ जुलै १९४३ पासून पगारातूनच कपात. अडचण ही की १९४३ मध्ये गेल्या वर्षीचा कर आणि चालू वर्षाची कपात दोन्ही एकदम लागणार. न्यूयॉर्कच्या मेसीज दुकानाचा खजिनदार बीअर्डस्ली रूमल म्हणाला, मागचं वर्ष माफ करा, घड्याळाचा काटा पुढे सरकवा, तिजोरीत यायचा पैसा येतच राहतो. रूझवेल्टचा विरोध होता, कारण त्यात युद्धात कमावलेल्या धनिकांचा फायदा. तडजोड झाली: दोन वर्षांपैकी ज्याचा कर कमी त्याचा ७५ टक्के माफ. वरचा दर १९४४ मध्ये २ लाख डॉलरच्या वर ९४ टक्के.

परिणाम मानसिक. कर 'भरायचा' असतो, कपात 'होऊन येते'. उलट वर्षाअखेरीला जास्तीचे परत मिळाले की सरकारने काही दिल्यासारखं वाटतं. टीडीएसवाल्यांनी खुदकन हसायला हरकत नाही. हिंदुस्थानात पगारातून कपात १९२२ च्या आयकर कायद्यातच होती, अमेरिकेला एकवीस वर्षं जास्त लागली.

सातासमुद्रापार

कारकून यांच्या पुढचा रकाना विम्याचा. ऑक्टोबर १९४२ च्या कायद्याने पगारवाढ गोठवली. कारखान्यांना माणसं हवीत आणि पगार वाढवता येत नाही. वॉर लेबर बोर्डाने ठरवलं की विमा आणि पेन्शन यांना मर्यादेत पगार धरायचं नाही. झालं, कंपन्यांनी आमिष म्हणून आरोग्य विमा द्यायला सुरुवात केली. १९४३ मध्ये कर खात्याने असा हप्ता कामगाराच्या उत्पन्नात न धरण्याचा निर्णय दिला, १९५४ च्या करसंहितेत ते पक्कं झालं. कायझर गोदीतल्या कामगारांसाठी डॉ. सिडनी गारफील्डने चालवलेली योजना, आठवड्याला ५० सेंट, ती १९४५ मध्ये बाहेरच्यांना खुली झाली.

आज एच-१ या नोकरीच्या व्हिसावर असलेल्याची नोकरी गेली की दोन घड्याळं एकदम सुरू होतात: व्हिसाचे ६० दिवस आणि विम्याची मुदत. 'कोब्रा' कायद्याखाली तोच विमा साधारणपणे १८ महिन्यांपर्यंत ठेवता येतो, पण कंपनीचा वाटाही आपणच भरायचा, १०२ टक्क्यांपर्यंत. हे सगळं १९४२ च्या पगारबंदीचं पिल्लू.

बोरूबहाद्दर

सातासमुद्रापार, थोडा असहमत. युद्धाने बी टाकलं, झाड वाढलं नंतर. रूझवेल्टनंतरचा राष्ट्राध्यक्ष ट्रूमन, त्याची राष्ट्रीय विम्याची योजना १९४५ पासून काँग्रेसमध्ये अडली, डॉक्टरांच्या संघटनेने ती 'समाजवादी वैद्यक' म्हणून हाणून पाडली. मग युनियननी सरकारचा नाद सोडून मालकाकडूनच विमा मागायला सुरुवात केली, आणि १९४९ च्या सुमारास न्यायालयांनीही हे वाटाघाटीचे विषय आहेत असं मान्य केलं. नुसती पगारबंदी असती तर ती उठल्यावर विमाही गळून पडला असता.

सातासमुद्रापार

मान्य. करसवलत राहिली म्हणून युनियनला ते मागणं स्वस्त पडलं एवढी भर घालतो.

तळटीप

इतका वेळ वाचत होते. धागाकर्ते म्हणतात समाज कागदांनी बदलला. मग सगळ्यात परिणामकारक कागद राहिलाच की. १९ फेब्रुवारी १९४२, कार्यकारी आदेश ९०६६. त्यात 'जपानी' हा शब्दसुद्धा नाही. लष्कराला कुठलाही प्रदेश प्रतिबंधित ठरवून तिथून कुणालाही हलवायचा अधिकार, एवढंच. प्रत्यक्षात पश्चिम किनाऱ्यावरच्या सुमारे १,२०,००० जपानी वंशाच्या लोकांना उचललं, पैकी दोनतृतीयांश जन्माने अमेरिकन नागरिक. खांबांवर नोटिसा लागायच्या, साधारण आठवड्याची मुदत, हातात मावेल तेवढंच सामान, अंथरूण-पांघरूण आणि ताटवाटी आपली आपण आणायची. घर, शेत, होडी येईल त्या भावाला फुंकायची. कुठे किती लोक राहतात याचे आकडे जनगणना खात्याने पुरवले. आधी रेसकोर्सच्या तबेल्यांत (सांता अनिता), मग दहा छावण्या.

आणि हल्ला जिथे झाला त्या हवाईत? तिथे तीनातला एक माणूस जपानी वंशाचा. त्यांना उचललं असतं तर ऊस कुणी तोडायचा आणि गोदी कुणी चालवायची? म्हणून तिथे सरसकट छावण्या नाहीत. लष्करी गरजेचा युक्तिवाद कितपत खरा होता ते इथेच कळतं. सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर १९४४ मध्ये कोरेमात्सू खटल्यात सरकारची बाजू उचलून धरली. माफी आणि हयात असलेल्यांना २०,००० डॉलर मिळाले १९८८ मध्ये.

उलट दिशेचाही कागद आहे. १९४१ मध्ये कामगार नेते ए. फिलिप रँडॉल्फ यांनी वॉशिंग्टनवर कृष्णवर्णीयांचा मोर्चा नेण्याचा इशारा दिला. रूझवेल्टने २५ जूनला आदेश ८८०२ काढला: युद्धसाहित्याच्या कारखान्यांत वर्णभेद करायचा नाही. मोर्चा निघालाच नाही, नुसत्या इशाऱ्यावर काम झालं. पण डेट्रॉइटमध्ये कामासाठी आलेल्या लाखो लोकांना घरं नव्हती. जून १९४३ च्या दंगलीत ३४ मेले, पैकी २५ कृष्णवर्णीय.

बोरूबहाद्दर

तळटीप, +१. आपल्याशी थेट संबंध असलेला कागद म्हणजे २ जुलै १९४६ चा लूस-सेलर कायदा. १९२३ च्या थिंड खटल्यापासून हिंदी माणसाला अमेरिकन नागरिक होता येत नव्हतं. युद्धात मित्रराष्ट्र म्हणून वापरायचं आणि दारात उभं करायचं नाही हे जपानी प्रचाराला आयतं कोलीत होतं, म्हणून १९४३ मध्ये चिन्यांवरची बंदी उठली आणि १९४६ मध्ये हिंदी लोकांवरची. कोटा किती? वर्षाला १००. खरं दार १९६५ मध्ये उघडलं, पण नागरिकत्वाचा हक्क इथला.

जीआय बिलही घ्या, २२ जून १९४४. परतलेल्या सैनिकाला वर्षाला ५०० डॉलरपर्यंत फी, महिना ५० डॉलर निर्वाह, घराच्या कर्जाला सरकारी हमी, आणि काम मिळेपर्यंत आठवड्याला २० डॉलर, ५२ आठवडे. २२ लाख कॉलेजात गेले. १९४७ मध्ये कॉलेजातला जवळपास निम्मा वर्ग माजी सैनिकांचा.

तळटीप

आणि हमी कुणाला? कर्ज द्यायचं की नाही हे ठरवणार गावची बँक. १९४७ मध्ये मिसिसिपीतल्या शहरांच्या पाहणीत ३२२९ हमीच्या कर्जांपैकी कृष्णवर्णीयांना मिळाली दोन. दोन टक्के नाही, दोन. लेव्हिटटाउन या युद्धानंतरच्या नव्या वसाहतीची घरं जुळणीपट्ट्यावर काढल्यासारखी उभी राहिली, पण करारात कलम होतं की गोऱ्यांखेरीज कुणी राहायचं नाही. एकाच कायद्याने मध्यमवर्ग उभा केला आणि त्याला कुंपणही घातलं.

कारकून

अवांतर, पण सांगितल्याशिवाय राहवत नाही. तांब्याची इतकी चणचण की १९४३ चा एक सेंट जस्त चढवलेल्या पोलादाचा निघाला. आणि अणुबॉम्बसाठी युरेनियम वेगळं करायच्या चुंबकांना तांब्याऐवजी तिजोरीतली चांदी वापरली, १४,००० टनांच्या आसपास, उसनी. लेंड-लीजमध्ये हिंदुस्थानलाही रुपये पाडायला सुमारे २२.६ कोटी औंस चांदी मिळाली होती, ती नंतर परत करावी लागली.

दुपारची_झोप

सगळ्यांचे आभार. वाचनखूण साठवण्याजोगा धागा झाला. माझ्या दुसऱ्या प्रश्नाचा हिशेब: कपात टिकली, नोकरीतला विमा टिकला, माजी सैनिकांच्या कर्जाची हमी टिकली. पाळणाघरं गेली, पॉइंट गेले. साखरेचं रेशन जून १९४७ पर्यंत रेंगाळलं. तळटीप यांचा मुद्दा लक्षात घेऊन माझं वाक्य दुरुस्त करतो: कागदाने बदलला, पण कागद कुणाच्या टेबलावर होता त्यावर सगळं ठरलं. काही राहिलं का?

वेलदोडा

घरभाडं! १९४२ च्या भावनियंत्रण कायद्याखाली न्यूयॉर्कची भाडी १ मार्च १९४३ च्या पातळीला गोठवली. केंद्राचा कायदा गेला, राज्याने तो आपल्याकडे ओढला, आणि त्या मुळाची काही घरं न्यूयॉर्कमध्ये आजही नियंत्रित भाड्यात आहेत. कायद्याप्रमाणे तिथे १ जुलै १९७१ च्या आधीपासून राहत असायला हवं किंवा वारसाने हक्क मिळायला हवा.

सातासमुद्रापार

वारसाने? हे तर ओळखीचं वाटतंय.

कारकून

वाटणारच. मुंबईचा १९४७ चा भाडे कायदा काढा. प्रमाण भाडं म्हणजे १ सप्टेंबर १९४० रोजी ती जागा ज्या भाड्याने दिलेली होती ते. तारीख युद्धातली, कायदा स्वातंत्र्याच्या वर्षातला, आणि १९९९ चा नवा कायदा लागू झाला ३१ मार्च २००० ला. मधल्या काळात भाडं तिथेच, घरमालक गच्ची गळते म्हणून हात वर करतो, भाडेकरू म्हणतो दुरुस्ती तुमची.

शंकासुर

पागडी आली. आता कढईंनी कितीही पट्ट्या मारल्या तरी हा धागा तडकणार.